कच्चे मडके, पक्के मडके
(इयत्ता ४ थी)

आमचे घर कुंभाराचे आहे. सगळे लोक बाजारातून माठ आणतात, पण माठ कसा तयार होतो ते पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून मी ही माहिती लिहीत आहे.

पहिले काम मातीचे. आपला भंडारा जिल्हा तलावांचा जिल्हा आहे. उन्हाळ्यात तलाव आटला की तळाची चिकण माती आणतात. ती वाळवून, कुटून, चाळून भिजत घालतात. मग पायाने तुडवतात. एक जरी खडा राहिला तरी मडके तिथेच तडकते.

आबाजी या मातीत थोडी रेती, राख आणि गाढवाची लीद मिसळतात. लीद म्हटले की मुले नाक दाबतात. पण ऐका! आगीत लीद जळून जाते आणि तिच्या जागी बारीक छिद्रे राहतात. त्यातून पाणी झिरपते व त्याची वाफ होते. वाफ होताना ती माठातली उष्णता घेऊन जाते, म्हणून पाणी थंड होते. पावसाळ्यात हवाच ओली असते. वाफ कमी होते, मग माठातले पाणी तेवढे गार होत नाही.

आमच्या गाढवाचे नाव राजा. पूर्वी तो माती वाहत होता. आता माती ट्रॅक्टरने येते. राजा म्हातारा झाला, पण आबाजी त्याला विकत नाहीत. म्हणतात, "त्याच्याबिगर पाणी थंड कसं होईल?"

बाबा चाकावर मातीचा गोळा ठेवतात आणि काठीने चाक फिरवतात. दोन्ही अंगठे मधे दाबले की मडके उमलते. मग ते दोऱ्याने कापून उतरवतात. पण तेव्हा माठ लहान आणि जाड असतो. सावलीत थोडा सुकला की आजी आत गोल दगड धरते आणि बाहेरून लाकडी थापीने थापटते. थापटून थापटून माठ फुगतो व पातळ होतो. मी विचारले, लवकर थापटले तर? आजी म्हणाली, "मातीले घाई चालत नाई, पोरी."

पोळ्याला बैल, जन्माष्टमीला कान्होबा आणि दिवाळीला पणत्या असतात. बैल करायच्या आधी आजी शेजारच्या गोठ्यात जाऊन बसते. बैल मान कशी वळवतो ते नीट पाहते. सुरईची मान ती सारसासारखी करते. आपल्याकडे धानाच्या बांधीत सारस दिसतात. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरला आहे. एकदा आमची मांजर ओल्या कुंडीवरून चालली. आजीने तिचे पाय पुसले नाहीत, तसेच ठेवले. तीच कुंडी बाजारात सर्वांत आधी खपली.

शेवटचे काम आव्याचे. खाली गवऱ्या व लाकडे, त्यावर मडकी, वर तणस आणि त्यावर राख-मातीचा लेप. आवा रात्रभर जळतो, मग हळूहळू निवतो. माती सुमारे ६०० अंशांच्या वर तापली की ती पुन्हा कधीच चिखल होत नाही. हवा मिळाली तर मडके लाल होते, धूर कोंडला तर काळे होते.

पण आव्याला पावसाची भीती असते. गेल्या चैत्रात आवा पेटवला आणि रात्री अवकाळी पाऊस आला. तापलेली मडकी ताडताड फुटली. जी भाजली नव्हती त्यांचा चिखल झाला. ताडपत्री होती, पण आगीवर ती कशी धरणार? दोन महिन्यांची मेहनत अर्धी गेली. मग बाबा पावसाळा लागेपर्यंत वीटभट्टीवर मजुरीला गेले. यंदाचा आवा लागायचा आहे. बाबा म्हणाले, "हा साधला तर मी घरीच राहीन." मी रोज आभाळ पाहते.

पक्के मडके फुटते, पण कुजत नाही. आपल्या जिल्ह्यात पवनीला १९६९-७० साली उत्खनन झाले. तेथे जगन्नाथ टेकडीवर जुना बौद्ध स्तूप सापडला आणि खापरेही निघाली. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही इथे आमच्यासारखे कुंभार होते! तेरचे संत गोरोबाकाकाही कुंभारच. त्यांनी थापीने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चे मडके म्हटले, अशी गोष्ट आहे.

तुम्ही पण माठ घेताना टिचकी मारून पाहा. खणखण वाजला तर पक्का, भद्द वाजला तर तडा समजावा. नवा माठ एक दिवस पाण्यात भिजवावा. फुटलाच तर टाकू नका, त्याच्या खापरात पाखरांना पाणी ठेवा.

आमचा आवा उघडला की सर्वांनी पाहायला यावे. पालकांनीही यावे.