मिठाची गणती

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व काठावर ऐरोली हे गाव आहे. आज तेथे मोठे नगर उभे आहे. पण या खाडीच्या परिसरात आगरी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकविले. भरतीचे पाणी उथळ वाफ्यांत अडवावयाचे, ऊन व वारा यांनी ते आटू द्यावयाचे आणि उरलेले पांढरे स्फटिक ओढून त्यांच्या राशी रचावयाच्या, असा हा कष्टाचा उद्योग. त्या राशीचे वजन कोणीही करील. परंतु तिच्यातील कण मोजावयाचे झाले तर?

मीठ हे सोडियम व क्लोरीन यांचे संयुग होय. सोडियम हा पाण्याचा स्पर्श होताच खवळणारा धातू, तर क्लोरीन हा विषारी वायू. अशा दोन उग्र द्रव्यांपासून आपल्या ताटातील मीठ कसे बरे बनते? सोडियमच्या अणूत ११ इलेक्ट्रॉन असतात व क्लोरीनच्या अणूत १७. सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देतो. सोडियमपाशी १० उरतात, क्लोरीनपाशी १८ होतात. देवघेवीपूर्वी बेरीज २८ होती, नंतरही ती २८ च राहते. देणारा धनभारित होतो, घेणारा ऋणभारित होतो आणि त्यांच्या परस्पर आकर्षणाने स्फटिक बांधला जातो.

आता मोजणीकडे वळू. शेकडा नारळ आणि शेकडा सुपाऱ्या यांची संख्या सारखीच, पण वजनात केवढा फरक! शास्त्रज्ञांचा असाच एक ‘शेकडा’ आहे. त्याला ‘मोल’ म्हणतात. एका मोलात सुमारे ६०२२ वर वीस शून्ये इतके कण असतात. या संख्येला इटलीतील शास्त्रज्ञ ॲव्होगॅड्रो यांचे नाव दिलेले आहे. दर सेकंदाला दहा लाख कण मोजले, तरी एक मोल मोजण्यास सुमारे १,९०० कोटी वर्षे लागतील!

म्हणून शास्त्रज्ञ कण मोजीत नाहीत, ते वजन करतात. एक मोल सोडियम २३ ग्रॅम भरते व क्लोरीनच्या अणूंचा एक मोल ३५.५ ग्रॅम. दोन्ही मिळून ५८.५ ग्रॅम मीठ तयार होते. यावरून ११७ ग्रॅम मीठ म्हणजे २ मोल, हे तुम्हीच सांगू शकाल. पण कोणी अजाणतेपणी दोन्ही द्रव्ये २३-२३ ग्रॅम घेतली तर? क्लोरीनचे अणू कमी पडतील आणि सुमारे ८ ग्रॅम सोडियम तसाच उरेल. वजन सारखे म्हणजे संख्या सारखी, असे समजणे चूक होय.

जेवताना चिमूटभर मीठ घ्याल, तेव्हा हे आठवा. ते ०.५८५ ग्रॅम असेल, तर त्यात मोलाचा शंभरावा भाग असतो. म्हणजे सहावर एकवीस शून्ये इतक्या जोड्या, आणि प्रत्येक जोडीत २८ इलेक्ट्रॉन! खाडीकाठच्या उन्हात राबणाऱ्या हातांनी केवढी अफाट संपत्ती आपल्या ताटात वाढली आहे!