युरिया पडला की सोयाबीनच्या गाठी का थंडावतात?

सोयाबीन पिवळं दिसलं की अनेक शेतकरी लगेच युरियाची गोणी फोडतात. मुळावरच्या गाठींना मात्र ते मानवत नाही.

हवेत ७८ टक्के नत्र आहे, पण पिकाला तो थेट घेता येत नाही. गाठीतले रायझोबियम जिवाणू त्याचा अमोनिया करून पिकाला देतात, बदल्यात पीक त्यांना साखर पुरवतं. हे काम महागडं. नत्राचा एक रेणू फोडायला एटीपी नावाच्या ऊर्जेचे किमान १६ रेणू खर्ची पडतात.

म्हणून इथे उधळपट्टी चालत नाही. जमिनीत मोकळे राहणारे अ‍ॅझोटोबॅक्टर जिवाणू आयता अमोनिया मिळाला की हवेतला नत्र पकडणारी जनुकं बंद करतात आणि वाचलेली ताकद वाढीला लावतात. सोयाबीनमध्ये हा लगाम बराचसा पिकाच्या हातात असतो. जमिनीत नायट्रेट वाढलं की नव्या गाठी कमी धरतात, जुन्यांचं काम मंदावतं. म्हणजे फुकटचा कारखाना बंद, वर गोणीचा खर्च.

मग करायचं काय? बियाण्याला आधी बुरशीनाशक, नंतर रायझोबियम लावून सावलीत सुकवा. नत्र शिफारशीइतकाच, पेरणीसोबत द्या. फुलोऱ्यात एखादं झाड मुळासकट काढून गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर कारखाना चालू आहे, युरियाची घाई नको. पिवळेपणा पाणी साचल्याने किंवा लोहाच्या कमतरतेनेही येतो. आधी मूळ बघा, मग दुकानात जा.