नेच्यांची निगा : वर्षावास ते वैशाख

आमच्या वसतिगृहाच्या उत्तरेकडील व्हरांड्यात नेच्यांच्या कुंड्या आहेत. माजी विद्यार्थी भेटीस आले की त्यांची आवर्जून चौकशी करतात आणि "सर, आमच्या फ्लॅटमध्ये हे का टिकत नाही?" हा प्रश्नही ठरलेला असतो. स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे सविस्तर उत्तर द्यावे, असे आम्हांस वाटले.

नेचा फुलाविना, फळाविना आणि बीजाविना वाढतो. त्याचा वंश चालतो तो पानांच्या पाठीवरील बीजाणूंमुळे. हे ठाऊक नव्हते तेव्हा युरोपात शतकानुशतके अशी समजूत होती की नेच्याचे बी अदृश्य असते आणि ते ज्याच्या हाती लागेल तो माणूसही अदृश्य होतो. १८५१ साली विल्हेल्म होफमाइस्टर यांनी आपल्या ग्रंथात नेच्याच्या जीवनचक्राचा उलगडा केला. हे गृहस्थ त्या वेळी कोणत्याही विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. लाइपझिग येथे घरच्या पुस्तकविक्रीच्या व्यवसायात काम करून उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शकातून पाहत राहिले, एवढेच. पुढे ते प्राध्यापक झाले. आमच्या विद्यार्थ्यांना ही हकीकत आम्ही मुद्दाम सांगतो.

या बीजाणूंविषयीचे अज्ञान आजही नेच्यांच्या जिवावर उठते. पानाच्या मागे तपकिरी ठिपके दिसले की घरातील मंडळी रोग समजून औषध फवारतात किंवा कुंडीच टाकून देतात. धम्मात 'एहिपस्सिको' असा शब्द आहे. ये आणि स्वतः पाहा. येथेही तेच करावे. ठिपके शिरांच्या दोन्ही बाजूंस किंवा पानाच्या कडेने शिस्तीत मांडल्यासारखे असतील, तर ते बीजाणूंचे पुंजके होत. झाड निरोगी आहे. ठिपके वेडेवाकडे, देठावरही पसरलेले, नखाने खरवडता येणारे आणि पान चिकट करणारे असतील, तर ती खवले कीड. ती ओल्या फडक्याने पुसावी, फार झाल्यास ते पान कापून टाकावे. तीव्र कीटकनाशके व तेलकट फवारे नेच्याच्या कोवळ्या पानांना सोसत नाहीत.

पावसाळा हा नेच्यांचा खरा हंगाम. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूंनी एका ठिकाणी राहावे, हा वर्षावासाचा नियम. पावसात उगवलेली हिरवळ व बारीक जीव पायांखाली चिरडले जातात, अशी लोकांची तक्रार त्यामागे होती, असे विनयपिटक सांगते. त्याच महिन्यांत भाजे-कान्हेरीच्या ओल्या कातळांवर नेचे फुटलेले दिसतात. सहलीत ते उपटून आणण्याचा मोह मुलांना होतो. आम्ही आणू देत नाही. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये नेचे गोळा करण्याचे असेच वेड पसरले होते. त्यात काही दुर्मीळ जाती मूळ ठिकाणाहून जवळजवळ नाहीशा झाल्या.

पहिला पाऊस झाला की दाटलेल्या कुंडीतील गड्डा मुळांसह दोन-तीन भागांत विभागावा. मातीत एक भाग तांबडी माती, एक भाग कुजलेला पालापाचोळा, एक भाग नारळाचा भुसा आणि थोडे विटांचे तुकडे असावेत. निव्वळ काळी माती वापरू नये. ती पाणी धरून ठेवते, मुळे कुजतात आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. ताजे शेणही नको. पावसाची संततधार झाडाला चालते, कुंडीत साचलेले पाणी चालत नाही.

हिवाळ्यात वाढ मंदावते. पाणी कमी करावे, पिवळी पाने काढावीत.

घरात मुख्य अडचण उजेडाची नसून कोरड्या हवेची असते. पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीशी, थेट ऊन लागणार नाही अशी कुंडी ठेवावी. पंखा व एसी यांच्या झोतापासून ती दूर असावी. पसरट ताटलीत खडे व पाणी घालून त्या खड्यांवर कुंडी ठेवली, म्हणजे आसपास दमटपणा राहतो. तारखा ठरवून पाणी घालू नये. बोटाचे पेर मातीत खुपसून पाहावे.

खरी कसोटी वैशाखाची. आमच्यासारख्या कोरड्या हवेच्या भागात तेव्हा टँकरची वाट पाहावी लागते आणि मुले घरी गेल्याने वसतिगृहही रिकामे असते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तो इतिहास आम्ही वर्गात शिकवतो. त्यामुळे टंचाईत पिण्याचे पाणी कुंडीत ओतणे आम्हांस मान्य नाही. भोजनगृहातील तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी एका पिंपात जमा होते, ते नेच्यांना पुरते. साबणाचे पाणी मात्र वर्ज्य. सुटी लागण्यापूर्वी मुले सर्व कुंड्या भिंतीच्या सावलीत एकमेकींना खेटून मांडतात आणि भोवती ओले गोणपाट बांधतात. सुटीत राहणारे कर्मचारी ते सकाळ-संध्याकाळ भिजवतात.

एवढे करूनही पाने वाळतात. वाळली म्हणजे झाड मेले, असे समजू नये. बाशिंग हा आपल्या झाडांवर वाढणारा नेचा हिरवी पाने गाळतो. त्याची तपकिरी, पालापाचोळा धरून ठेवणारी पाने तेवढी उरतात आणि खोड जिवंत असते. बोस्टन नेच्याची वाळकी पाने मातीपासून दोन-तीन इंचांवर कापून माती किंचित ओलसर ठेवली, तर पावसाच्या सुमारास गोगलगायीच्या शंखासारख्या गुंडाळलेल्या नव्या पालवीचे कोंब वर येतात.

ज्यांना रोप हवे असेल त्यांनी जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर यावे व येताना रिकामी कुंडी आणावी. प्रथमच लावणाऱ्यांनी बोस्टन नेचा न्यावा. काळ्या तारेसारख्या देठांचा हंसराज सर्वांना आवडतो, पण एक दिवस पाणी चुकले तरी त्याची पाने करपतात. तो दुसऱ्या वर्षी मागावा.