दिवस गेल्यावर: मैदान, चालणे आणि वावरातले काम

गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. त्यामुळे पाळी चुकून तपासणी होते, तेव्हाच चार-पाच आठवडे उलटलेले असतात. पहिले बारा आठवडे बाहेरून पोट दिसत नाही, पण शरीराचे काम कधीच वाढलेले असते. हृदय दर मिनिटाला जास्त रक्त ढकलू लागते, म्हणून एरवी सहज चढला जाणारा जिना दम काढतो. झोप अनावर होते, सकाळी उमाशे येतात. हा आळस नव्हे.

या दिवसांत धावले, वाकले, घागर उचलली तर गर्भ पडतो, ही भीती फार खोल रुजलेली आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भपात गुणसूत्रांतील दोषामुळे होतात आणि तो दोष बहुधा गर्भधारणेच्या वेळीच ठरलेला असतो. निव्वळ पडून राहिल्याने गर्भपात टळतो, याला पुरावा नाही. तरीही मूल गमावलेली बाई वर्षानुवर्षे त्या एका घागरीला दोष देत राहते, आणि घरचेही तिला तेच ऐकवतात. हे ओझे तिच्यावर लादणे अन्यायाचे आहे.

प्रकृती ठीक असलेल्या गरोदर स्त्रीने आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये सांगितले. त्याने गरोदरपणातला मधुमेह आणि रक्तदाबाचा धोका कमी होतो. मध्यम श्रम ओळखायला यंत्र लागत नाही. चालताना सोबतिणीशी बोलता यावे, पण गाणे म्हणायला दम पुरू नये, इतकाच वेग पुरे. आधी सवय नसेल तर रोज दहा मिनिटांच्या चालण्यापासून सुरुवात करावी.

खेळणाऱ्या मुलींचा प्रश्न जरा निराळा. दिवस गेल्याचे कळण्याआधी कबड्डीचा सामना झाला, तर घाबरण्याचे कारण सहसा नसते. पहिल्या बारा आठवड्यांत गर्भाशय कमरेच्या हाडांच्या कड्यात सुरक्षित असते. सेरेना विल्यम्सने जानेवारी 2017 मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली, तेव्हा ती सुमारे दोन महिन्यांची गरोदर होती. मात्र कळल्यानंतर कबड्डी, कुस्ती, ज्युदो हे अंगाला अंग भिडणारे खेळ थांबवावेत. चढाईत चार जणींनी धरलेली पकड पोटावर येणार नाही, याची हमी कोण देणार? खो-खोत सूर मारणे आणि धावता धावता झटकन वळणे टाळावे. पोलीस भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या मुलीला डॉक्टरांना विचारून हळू धावणे चालू ठेवता येते. घड्याळ लावून 800 मीटरची वेळ कमी करण्याचा हट्ट तेवढा सोडावा.

यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रस तालुक्यात खेळापेक्षाही उन्हाला जपायला हवे. उन्हाळ्यात या जिल्ह्यात पारा 44 अंशांच्या घरात जातो. गर्भाच्या मेंदूचा आणि मणक्याचा पाया गर्भधारणेनंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत घातला जातो, आणि त्या काळात आईच्या शरीराचे तापमान बराच वेळ 39 अंशांवर राहणे धोक्याचे. म्हणून चालणे, धावणे सूर्य वर येण्याआधी उरकावे आणि फॉलिक ॲसिडची गोळी चुकवू नये.

पण या तालुक्यातल्या बहुतेक बायकांना व्यायाम करा असे सांगणे म्हणजे त्यांचा दिवसच न पाहणे. सोयाबीनचे निंदण, तुरीची सोंगणी आणि दिवाळीच्या आगेमागे सुरू होणारी कापसाची वेचणी, यांत हालचालीची कमी नसते. वेचणारी बाई कमरेला ओटी बांधते, दोन्ही हातांनी बोंडे रिकामी करत तासाला लागते, आणि ओटी भरत जाते तसा भार थेट ओटीपोटावर आणि पाठीवर येतो. संध्याकाळी कापूस काट्यावर जातो, मजुरी किलोवर मिळते. व्यायाम करणारी थकली की बसते. वेचणारी बसली तर तिचे पैसे जातात. श्रम तेच असतील, पण हवे तेव्हा थांबण्याची मोकळीक नसेल तर तो व्यायाम उरत नाही. अशा बाईला अधिक चालण्याची नव्हे, विसाव्याची गरज असते.

ओटी अर्धी भरली की रिकामी करावी, गाठोडे दुसऱ्याने उचलावे, दुपारी सावलीत कुशीवर पडावे. वावरात आडोसा नसतो म्हणून बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो आणि गरोदरपणात तो वाढू देणे बरे नव्हे. तेव्हा आडोशाची सोय ही चैन नाही, औषधाइतकीच गरजेची गोष्ट आहे. फवारणी झालेल्या वावरात तर पाऊलच टाकू नये. 2017 च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसे दगावली. गर्भाला त्या विषाच्या जवळपासही नेऊ नये.

रक्ताची कमतरता हा आणखी एक मोठा अडसर. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांमध्ये ती आढळली. हिमोग्लोबिन 7 च्या खाली असेल तर व्यायाम आणि अंगमेहनत दोन्ही थांबवून आधी उपचार घ्यावेत. हृदयविकार असेल किंवा गर्भाशयाचे तोंड सैल असल्याचे निदान झाले असेल, तर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय काहीच करू नये.

बाराव्या आठवड्याच्या आत आशाताईंकडे किंवा नर्सबाईंकडे नोंदणी केली की या तपासण्या सरकारी दवाखान्यात होतात. अंगावर रक्त जाणे, ओटीपोटात कळा येणे, चक्कर, छातीत दुखणे, बसल्या जागी धाप लागणे किंवा एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, यांपैकी काहीही झाले तर खेळ असो की वेचणी, तिथेच थांबावे आणि 102 किंवा 108 वर फोन करून दवाखाना गाठावा.