धुराचे पैसे कोण गोळा करणार?
लेखमाला : शहर आणि धूर (लेखांक पाचवा)

मागच्या आठवड्यात ‘कमी उत्सर्जन क्षेत्र’ म्हणजे काय ते पाहिलं. शहराचा एक भाग आखायचा आणि ठरलेल्या मापापेक्षा जास्त धूर सोडणारी गाडी त्यात शिरली की तिच्याकडून दिवसाचे पैसे घ्यायचे. कोल्हापुरात हे कुणाला सांगायला जावं तर समोरचा वाक्य पुरं होऊ देत नाही. “म्हणजे टोलच की ओ!”

त्याचं चुकत नाही. रस्त्यावर गाडी अडवून पैसे मागण्याचा प्रयोग या शहराने अंगावर घेतलेला आहे. म्हणून असं क्षेत्र असलेल्या लंडनकडे जायच्या आधी शिरोली नाक्यावर थांबू.

एकात्मिक रस्ते विकास प्रकल्प हे त्या प्रयोगाचं सरकारी नाव. सुमारे 50 किलोमीटरचे शहरातले रस्ते, खर्च 220 कोटींचा, काम आयआरबी कंपनीकडे आणि त्याची भरपाई 30 वर्षांच्या टोलमधून. शिरोली, फुलेवाडी, कळंबा, शाहू नाका असे शहराच्या सगळ्या तोंडांवर मिळून नऊ नाके. हमरस्त्यावरचा टोल लोकांनी एव्हाना नशिबाचा भाग म्हणून स्वीकारला होता. पण गावातल्या गावात, भाजीला किंवा दवाखान्यात जाताना टोल, हे पचणारं नव्हतं. त्यात कामाच्या दर्जाबद्दल तक्रारी. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी माणसं पुढे उभी राहिली, सर्वपक्षीय कृती समिती झाली, मोर्चे निघाले. ऑक्टोबर 2013 मध्ये पोलिस बंदोबस्तात वसुली सुरू झाली आणि जानेवारी 2014 मध्ये नाके पेटले. मग हायकोर्टाची स्थगिती, सुप्रीम कोर्टाने ती उठवणं, पुन्हा वसुली, पुन्हा आंदोलन. डिसेंबर 2015 मध्ये सरकारने टोल रद्द केल्याचं जाहीर केलं. त्यापोटी कंपनीला द्यायची रक्कम ठरली सुमारे 459 कोटी. रस्ते 220 कोटींचे आणि सुटका 459 कोटींची.

या लढ्याची आठवण आपण विजयाची म्हणून काढतो, ती काढावीच. पण धुराच्या दृष्टीने त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची आहे. बीओटीच्या (बांधा, वापरा, हस्तांतरित करा) टोलमध्ये कंपनीचं गणित जास्त गाड्यांवर चालतं. नाक्यावरून जितकी वाहनं जातील तितकी वसुली लवकर. धुराच्या शुल्काचं गणित नेमकं उलटं. ते यशस्वी झालं याची खूण म्हणजे गल्ला रिकामा होणं. कारण लोकांनी जुन्या गाड्या काढून टाकलेल्या असतात. अशी वसुली 30 वर्षांच्या ठेक्यावर देणं म्हणजे ठेकेदाराला धुरातच वाटेकरी करून घेणं. उद्या कोणत्याही महापालिकेने असा प्रस्ताव आणला तर पहिला प्रश्न दर किती हा नसावा, करारात उत्पन्नाची हमी कुणाला दिली आहे हा असावा.

आता लंडन. तिथे नाका नाही, आडवा दांडा नाही, पावती फाडणारा माणूस नाही. खांबावरचे कॅमेरे नंबर प्लेट वाचतात आणि गाडी कोणत्या दर्जाची आहे ते नोंदणीच्या माहितीशी ताडून पाहतात. पेट्रोल गाडी युरो 4 आणि डिझेल गाडी युरो 6 दर्जाची असेल तर काहीच द्यावं लागत नाही. नसेल तर दिवसाला साडेबारा पौंड, म्हणजे आपले चौदा-पंधराशे रुपयांच्या आसपास. एप्रिल 2019 मध्ये मध्य लंडनपुरतं सुरू झालेलं हे क्षेत्र 2021 मध्ये वाढलं आणि 29 ऑगस्ट 2023 पासून शहराच्या सगळ्या बरोंना, म्हणजे पालिका विभागांना, लागू झालं. पैसे गाडी फिरवल्यानंतर तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत भरता येतात. विसरलात तर 180 पौंड दंड, चौदा दिवसांत भरला तर निम्मा.

नियम कागदावर सरळ दिसतो, पण तो बोचतो कुठे ते बघा. तिथला दिवस मध्यरात्री सुरू होतो आणि मध्यरात्री संपतो. रात्रपाळीची नर्स जुनी डिझेल गाडी घेऊन संध्याकाळी आठला निघाली आणि सकाळी आठला परतली तर तिच्या एका पाळीचे दोन दिवस धरले जातात. म्हणजे पंचवीस पौंड. दिवसा तसल्याच गाडीने गोल्फला जाऊन आलेल्या गृहस्थाला निम्मेच. अशा फटी नियम करणाऱ्याला टेबलावर दिसत नाहीत, भरणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात दिसतात.

लोक चिडले. बाहेरच्या उपनगरांत कॅमेऱ्यांच्या वायरी कापल्या गेल्या, खांब आडवे झाले, आणि हे करणारे स्वतःला ‘ब्लेड रनर्स’ म्हणवू लागले. नाके जाळणाऱ्या शहराने यावर फार नवल करू नये. पण लंडनमध्ये शुल्क टिकलं. त्याचं एक मोठं कारण म्हणजे दहापैकी नऊ गाड्यांना काही द्यावंच लागत नव्हतं. पुढे नियमात बसणाऱ्या गाड्यांचं प्रमाण शंभरात 96 च्या वर गेलं. दुसरं, जुनी गाडी मोडीत काढणाऱ्यांसाठी महापौरांनी मदतीची योजना काढली. आधी तिच्या अटी घट्ट होत्या, ओरड झाल्यावर त्या सैल केल्या आणि रक्कम 160 दशलक्ष पौंडांपर्यंत नेली. वसुलीचा खर्च मोजताना नुसते कॅमेरे मोजून भागत नाही, ही मदतही त्याच खात्यात मांडावी लागते.

जाता जाता एक गंमत. लंडनमध्ये धुराच्या शुल्काखेरीज गर्दीचं वेगळं शुल्कही आहे, 2003 पासूनचं. ते न भरणाऱ्यांत परदेशी वकिलाती आघाडीवर आहेत. पहिला नंबर अमेरिकेचा आणि वरच्या थकबाकीदारांत आपला भारतही. वकिलातींचं म्हणणं, हा कर आहे आणि राजनैतिक अधिकाऱ्यांना कर लागत नाही. लंडन म्हणतं, कर नाही, ही सेवेची किंमत आहे. वाद वर्षानुवर्षं चालू आहे. थोडक्यात, ‘देणार नाही’ ही घोषणा सुटाबुटातही देता येते.

हे सगळं महाद्वार रोडवर आणून पाहू. तिथे प्रदूषण नियंत्रण मंडळाचं हवा मोजण्याचं केंद्र आहे. दुसरं शिवाजी विद्यापीठात, तिसरं रुईकर ट्रस्टपाशी. राष्ट्रीय कार्यक्रमाखालच्या अशा केंद्रांवर आठवड्यातून दोन दिवस, चोवीस तास यंत्र हवा ओढतं आणि त्यातला गाळण कागद आधी-नंतर तोलून धूळ मोजली जाते. देशाच्या स्वच्छ हवा कार्यक्रमात, म्हणजे ज्यांची हवा मापात बसत नाही अशा शहरांच्या यादीत, कोल्हापूर आहे. पण कागदावर बसलेली सगळी धूळ गाडीच्या नळकांड्यातून येत नाही. उकरलेले रस्ते, बांधकामं, पेटवलेला कचरा, कारखाने यांचाही तिच्यात वाटा. खड्ड्यातल्या धुळीचं बिल छोटा हत्ती चालवणाऱ्याच्या नावावर फाडायचं नसेल तर कुणाचा वाटा किती हे आधी सांगावं लागेल.

समजा तेही झालं आणि अंबाबाईच्या देवळाभोवतीचा भाग आखला. बिंदू चौक, भाऊसिंगजी रोड, ताराबाई रोड, पापाची तिकटी. मोठे रस्ते मोजता येतील, पण बोळ? एका बोळात कॅमेरा नसला की दुचाकीवाल्यांना ती वाट दुसऱ्या दिवशी तोंडपाठ. कॅमेरा लावला तरी त्याला प्लेट वाचता आली पाहिजे. आपल्याकडे 214 चा ‘राम’ होतो आणि 4912 चा ‘पवार’. 2019 च्या आधीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी बसवण्याची सक्ती झाली, तिची इथे गरज कळते. मुदतवाढी किती झाल्या तेही आपण पाहिलं. बाहेरच्या गाड्यांचं आणखी वेगळं. शनिवार-रविवारी आणि नवरात्रात देवळाजवळच्या पार्किंगमध्ये नऊ पासिंगपेक्षा बाहेरचं पासिंग जास्त दिसतं: सांगली, पुणे, गोवा आणि कर्नाटकातलं बेळगाव, चिक्कोडी. नंबरावरून मालक सापडेल, पण दंड वसूल कसा करणार? ई-चलनाचे पैसे महाराष्ट्रातल्याच गाडीवाल्यांकडे किती थकलेत ते सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याला गाडी विकायची किंवा पासिंग करून घ्यायची आहे तो भरतो, बाकीचे लोकअदालतीत सूट मिळेपर्यंत थांबतात. म्हणजे शुल्क खरोखर कुणाला बसणार, तर रोज येणाऱ्या, पत्ता सापडणाऱ्या, लक्ष्मीपुरीत माल उतरवणाऱ्या टेम्पोवाल्याला.

दुचाकीचा प्रश्न तर कुणाला हातातच घ्यायचा नसतो. कोल्हापूर दुचाकीवर चालतं. टोलवर दुचाकीला सूट असते तशी इथे दिली तर क्षेत्राला अर्थ उरणार नाही, आणि सूट नाही दिली तर दुधाच्या किटल्या लावून येणारा माणूस सगळ्यात आधी सापडेल. माझं मत विचाराल तर वय पाहून पैसे लावू नयेत, दर्जा पाहून लावावेत. दिल्लीने वय धरलं. दहा वर्षांपुढचं डिझेल आणि पंधरा वर्षांपुढचं पेट्रोल वाहन पंपावर कॅमेऱ्याने ओळखायचं आणि त्याला इंधन द्यायचं नाही, असा हुकूम 1 जुलै 2025 पासून लागू झाला आणि आठवडाभरात थांबवावा लागला. नीट ठेवलेली गाडी आणि धुराचा डोंब यांत फरक न करणारा नियम लोकांना अन्याय वाटतो, आणि तो वाटण्याजोगाच आहे. (आरएक्स 100 वाल्यांनी मात्र फार खूश होऊ नये. जुनी टू-स्ट्रोक आजच्या दर्जात बसणार नाही.)

पैसे गोळा झाले तर जातील कुठे? दिल्लीत शिरणाऱ्या ट्रकवर 2015 पासून सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने पर्यावरण भरपाई शुल्क आहे. सुरुवातीला 700 आणि 1,300 रुपये, दोनच महिन्यांत दुप्पट. वसुली जोरात झाली, पण जमा रकमेचा मोठा भाग वर्षानुवर्षं पडून राहिला. महाराष्ट्रात जुन्या वाहनांकडून पर्यावरण कर घेतला जातो. खासगी गाडी पंधरा वर्षांची झाली की नोंदणी नूतनीकरणाच्या वेळी तो भरावा लागतो. त्यातला एक रुपया तरी आपल्या रस्त्यावर दिसला का, असं भरणाऱ्याने विचारलं तर उत्तर द्यायला कुणी नसतं. मोटार वाहनांवरचा कर हा राज्याचा विषय, पैसा जातो राज्याच्या तिजोरीत आणि शिव्या बसतात महापालिकेला.

स्टॉकहोमने उलटा क्रम धरला. ऑगस्ट 2005 मध्ये जादा बसगाड्या रस्त्यावर आणल्या, जानेवारी 2006 मध्ये गर्दीचं शुल्क सुरू केलं, तेही सात महिन्यांच्या चाचणीपुरतं. मग ते बंद करून सप्टेंबरमध्ये लोकांचा कौल घेतला. आधी विरोधात असलेल्या शहराने बाजूने मत दिलं आणि 2007 मध्ये शुल्क कायम झालं. बस आधी, पैसे नंतर, मत त्यानंतर.

महापालिकेच्या केएमटी बसच्या थांब्यावर उभं राहिलं की आपल्याकडचा क्रम कळतो. बस येईल की नाही याची खात्री नसलेला माणूस वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसतो नाहीतर हप्त्यावर दुचाकी घेतो. पीएम ई-बस योजनेतून मंजूर झालेल्या गाड्या पुऱ्या संख्येने धावू लागल्या, फुलेवाडी ते शिरोली दहा मिनिटांना बस मिळू लागली, तर देवळाभोवती जुन्या डिझेल गाड्यांना बंदी किंवा शुल्क हा विषय निदान बोलता येईल. त्याआधी कुणी कॅमेऱ्यांची निविदा काढली तर तिच्यातलं उत्पन्नाच्या हमीचं पान आधी उघडून बघा.

पुढच्या लेखांकात : पीयूसीच्या केंद्रावर नळी नेमकी कुठे लावतात, आणि प्रमाणपत्र कशाचं मिळतं.