श्वापदांचें बाळंतपण आणि बालसंगोपन

इंग्रजी विद्येला वाघिणीचें दूध म्हणण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. हा शब्दप्रयोग आम्हीं शेंकडों निबंधांतून वाचला व मुलांकडून लिहवूनहि घेतला. परंतु खरोखरीचें वाघिणीचें दूध कोण पितें, किती दिवस पितें, आणि तें सुटल्यावर त्या पोराचें पुढें काय होतें, असें विचारणारा विद्यार्थी आम्हांस क्वचितच भेटला. प्रस्तुत लेखांत तेंच सांगण्याचें योजिलें आहे.

आम्हां शेंदूरजनाघाटकरांस हा विषय नुसत्या कुतूहलाचा नाहीं. संत्र्यांच्या कलमांकरितां दूरवर ठाऊक असलेलें हें गांव सातपुड्याच्या पायथ्याशीं वसलें आहे, आणि त्याच डोंगराच्या ओळींत पश्चिमेस मेळघाट आहे, जेथें १९७३-७४ सालीं व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. २०१८ च्या ऑक्टोबरांत चंद्रपूरकडचा एक तरुण नर वाघ आमच्या अमरावती जिल्ह्यांतून चालत गेला. धामणगांव रेल्वे तालुक्यांत त्याच्याकडून दोन माणसें मारलीं गेलीं. पुढें तो सातपुडा चढून बैतुल जिल्ह्यांतील सारणीस पोंचला आणि डिसेंबरांत तेथें पकडला गेला. हा एवढ्या दूर आलाच कां, या प्रश्नाचें उत्तर वाघाच्या बाळपणांत आहे. म्हणून आरंभ तेथूनच करूं.

वाघीण सुमारें साडेतीन महिने गर्भ वाहते. एवढ्या मोठ्या जनावराचें गर्भारपण गाईच्या निम्म्याहूनहि कमी, हें प्रथम ऐकणारास खरें वाटत नाहीं. पण विचार केला म्हणजे उमगतें, कीं जिला रोजच्या पोटासाठीं धांवून शिकार धरावयाची, तिला जड पोटानें नऊ महिने काढणें परवडणारें नाहीं. म्हणून पिलें अर्धीकच्चीं जन्मतात. त्यांचें वजन किलोभर, डोळे मिटलेले, चालण्याची शक्ति नाहीं. एका वेतांत बहुधा दोन ते चार असतात. डोळे उघडावयास एक-दोन आठवडे लागतात. या बाळंतिणीला ना सुईण, ना शेगडी, ना डिंकाचे लाडू. दूध यावयाचें तर मांस खाल्लें पाहिजे, आणि मांसासाठीं पोरें एकटीं टाकून बाहेर पडलें पाहिजे. दाट झुडुपांत किंवा खडकाच्या कपारींत तिनें ठेवलेलीं पिलें त्या वेळीं अगदीं निमूट पडून असतात. जागेचा सुगावा कोणास लागला असें वाटलें, कीं एकेक पिलूं मानेच्या कातड्याला धरून ती दुसरीकडे नेते. ज्या दांतांनीं ती सांबराचा गळा फोडते त्याच दांतांनीं पिलाला ओरखडाहि उमटत नाहीं. पिलूंहि अशा वेळीं अंग सैल सोडून देतें. घरच्या मांजरींत हें सर्वांनीं पाहिलेंच असेल.

दोन महिन्यांच्या सुमारास पिलें मांस चाखूं लागतात. दूध मात्र पांच-सहा महिने चालतें. म्हणजे वाघिणीचें दूध सुटावयास अर्धें वर्ष पुरे, पण वाघिणीची शाळा सुटावयास दीड ते दोन वर्षें लागतात. शिक्षकाच्या दृष्टीनें आम्हांस हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दबा कोठें धरावा, वारा कोणीकडून आहे हें कसें ओळखावें, झडप केव्हां घालावी व केव्हां आवरावी, हें सारें पोर आईच्या पाठोपाठ फिरून शिकतें. हरणाच्या मागें धांवण्याची ओढ उपजत असते, पण धांवून हरिण हातीं लागण्याची कला उपजत नसते.

दीड-दोन वर्षांनंतर आई पोरांना दूर करते. मुलीला पुष्कळदां आईच्या शेजारींच रान मिळतें. (आपल्याकडे मुलगी सासरीं जाते व मुलगा घर धरून राहतो, वाघांत हें अगदीं उलट.) मुलाला मात्र भरल्या रानांतून प्रौढ वाघ हुसकावतात, आणि तो रिकामी जागा शोधीत शेतें, नाले, रेल्वेचे रूळ ओलांडीत चालत सुटतो. टिपेश्वराच्या अभयारण्यांतून निघालेला असाच एक वाघ २०१९ सालीं शेंकडों मैल भटकून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यांत स्थिरावला होता. आमच्या जिल्ह्यांतून गेलेला तो सारणीचा वाघहि याच वयाचा, घरावेगळा झालेला पोरगा होता. त्यानें मारलेल्या माणसांच्या घरच्यांस या माहितीनें काय समाधान व्हावें? तरी पुढच्या वेळीं असा वाटसरू आला, तर त्याच्याभोंवतीं जमाव करून त्याची वाट अडविणें हें सर्वांत घातक, एवढें यांतून समजावें.

ही शाळा मध्येंच बंद पडली तर काय होतें, याचें उदाहरण यवतमाळ जिल्ह्यांत घडलें. पांढरकवडा-राळेगांव भागांतील जिला लोक अवनी म्हणत, त्या वाघिणीवर तेरा माणसें मारल्याचा ठपका होता. दोन नोव्हेंबर २०१८ रोजीं ती गोळीनें मारली गेली. तिचे दोन बछडे तेव्हां वर्षाचेहि झालेले नव्हते. दूध सुटलें होतें, विद्या व्हावयाची होती. त्यांतील मादी डिसेंबरांत पकडून पेंच येथें नेण्यांत आली व तेथें मोठ्या कुंपणांत वाढली. मार्च २०२१ मध्यें तिला रानांत सोडलें. परंतु तेथल्या वाघिणीशीं झुंज होऊन ती जखमी झाली आणि त्याच महिन्यांत मेली. शेतावर जातांना जीव मुठींत धरणाऱ्या लोकांचें दुःख आम्ही जाणतों, आणि वाघीण मारूं नये असें म्हणणें शहरांत बसून सोपें असतें हेंहि जाणतों. पण एका आईबरोबर पुढली पिढी कशी खचते, तें येथें दिसलें.

बापाविषयीं थोडकेंच सांगण्यासारखें आहे. संगोपनांत त्याचा वांटा नाममात्र. इतकेंच नव्हे, तर नवा नर आला कीं तो पूर्वीच्या नराचीं पिलें मारून टाकतो, कारण पिलें गेलीं कीं वाघीण पुन्हां लौकर माजावर येते. तरीहि २०११ सालीं रणथंभोरांत आई मेलेल्या दोन मादी बछड्यांस एका नर वाघानें जवळ बाळगलें, हें पाहून जाणते लोकहि चकित झाले.

आमच्या रानांत वाघापेक्षां अधिक धाक अस्वलाचा. वाघ बहुधा माणूस टाळतो, पण अस्वलाची दृष्टि मंद, आणि तें माणसाशीं एकाएकीं समोरासमोर येतें. त्याचा समागम उन्हाळ्यांत व प्रसूति बहुधा डिसेंबर-जानेवारींत होते. गुहेंत किंवा उकरलेल्या बिळांत एक-दोन पिलें जन्मतात. त्यांचे डोळे उघडावयास तीन आठवडे लागतात, व दोन-तीन महिने तीं बाहेर येत नाहींत. बाहेर आलीं म्हणजे आईच्या पाठीवरचे लांब केस मुठींत धरून तिच्यावर स्वार होतात, आणि कित्येक महिने असेंच हिंडतात. इतर अस्वलांचीं पिलें संकटांत झाडावर पळतात. परंतु आमच्याकडे झाडावर बिबट्याहि चढतो, म्हणून आईची पाठ हेंच सुरक्षित स्थान ठरलें असावें, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. आतां पंचांगाकडे पाहा. पिलें पाठीवर बसून बाहेर पडतात त्याच फाल्गुन-चैत्रांत मोह गळतो. पहांटे मोहफुलें वेंचावयास बाया जातात, आणि त्याच फुलांवर अस्वलहि येतें. रानांतल्या बायांवर चाल करून येणारी अस्वलीण भुकेनें येत नाहीं. तिच्या पाठीवर लेंकरूं असतें. म्हणूनच अशा वेळीं दोघी-तिघींनीं मिळून, मोठ्यानें बोलत जाणें बरें.

कालिदासाच्या शाकुंतलांत सातव्या अंकांत सर्वदमन सिंहिणीचा छावा ओढून त्याचे दांत मोजूं पाहतो. वर्गांत आम्ही त्याच्या शौर्याची वाहवा करीत असूं. परंतु तेथील तापसी त्याला बजावते, कीं छावा सोडला नाहींस तर सिंहीण तुझ्यावर येईल, हें बहुतेक विद्यार्थी विसरतात. तापसीचें बोलणें अगदीं शास्त्रशुद्ध आहे. जुन्नर-आंबेगांवाकडे उसाच्या फडांत बिबट्याची मादी वितें. ऊस तोडतांना मजुरांना मांजराएवढीं पिलें सांपडतात, आणि कोणी तीं दया म्हणून उचलून गांवांत आणतात. आई तीं शोधीत रात्रीं वस्तीभोंवतीं फिरते, आणि मग खरी भीति उत्पन्न होते. वनखात्याचे लोक व पशुवैद्य आतां पिलें तपासून सायंकाळीं त्याच फडाजवळ टोपलींत वा पेटींत ठेवतात. रात्रीं आई येते व एकेक उचलून नेते. माणसाचा वास लागला कीं आई पिलूं टाकते, हा समज त्यामुळें खोटा ठरला आहे. आमच्याकडे ऊस थोडा. पण नाल्याकांठच्या दाट झुडुपांत पिलें सांपडलीं, तर नियम तोच: हात न लावतां मागें फिरावें व वनखात्यास कळवावें.

राहिली घोणस. बागांतील पाल्यापाचोळ्यांत ती असते, म्हणून तिला वगळतां येत नाहीं. नाग अंडीं घालतो, पण घोणस जिवंत पिलांस जन्म देते. तींहि एका वेळीं वीस-तीस, आणि तें बहुधा पावसाळ्याच्या तोंडाशीं. आई तीं पाळीत नाहीं. जन्मतांच जो तो आपल्या वाटेनें जातो. परंतु पिलूं बोटाएवढें असलें तरी त्याच्या दांतांत विष पहिल्या दिवसापासून असतें. बारीक साप म्हणून मुलें काठीनें ढोसतात, तीं नेमकीं याच दिवसांत.