बांगड्याची शिक्षा

बदलापूरला समुद्र नाही. पण बांगड्यावाचून आमचे पान हलत नाही. गेल्या आश्विनात भाऊच्या धक्क्यावरून सहा बांगडे घेतले. कोळीणबाई बर्फ देत होत्या. "कशाला? घरीच तर चाललोय!" मी ऐटीत म्हणालो. नेमकी गाडी उल्हासनगर-अंबरनाथच्या मध्ये खोळंबली. पिशवी तीन तास मांडीवर!

सौ.ने वास घेतला, ठीक वाटला. तिरफळे घालून कालवण रटरट उकळले. जेवून अर्धा तास झाला नाही तोच माझे तोंड लालबुंद, जीभ मिरी चावल्यागत चुरचुरू लागली. आई आमसुलाचे पाणी घेऊन धावली.

डॉक्टर म्हणाले, "हे पित्त नव्हे, जंतूंची करणी." बांगडा, सुरमई, कुपा यांच्या मांसात हिस्टिडीन असते. उबेत जंतू त्याचे हिस्टामिन करतात. उकळल्याने जंतू मरतात, हिस्टामिन मात्र तसेच राहते! १९५० साली जपानात ओसाकाला मासळीतून २७२ जणांना बाधा होऊन २० दगावले. तो व्हिब्रिओ जंतू निदान चुलीला तरी भितो.

आता पिशवीत बर्फाचा डबा असतो. ओघळ पाहून अंबरनाथचे सहप्रवासी पाय आखडतात. मी खिडकीबाहेर पाहतो.